जोडीतला खालचा आवाज

"पुन्हा," काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला. सकाळपासूनचं त्याचं हे अकरावं 'पुन्हा'.

गायिकेने हेडफोन गळ्यात उतरवले. "आता काय चुकलं?"

"चुकलं काहीच नाही, ताई. सूर चोख, ताल चोख. पण घर झाडून-पुसून लख्ख असावं आणि आत माणूसच दिसू नये, तसं वाटतंय."

पहिल्या अल्बमचंही हेच झालं होतं. बँड मोडून चार महिने झाले नाहीत तोच तिने तो हट्टाने काढला. रडत बसली नाही म्हणून लोकांनी पाठ थोपटली, पण अल्बम कुणी दुसऱ्यांदा लावला नाही. हा दुसरा. हाही पडला तर तिसरा नाही, असं कंपनीने तोंडावर सांगितलं होतं. आणि बेचाळिसाव्या वर्षी तिला गाण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं.

अठरा वर्षं ती चौघांच्या बँडमध्ये गायली. गाणाऱ्या दोघी, एक गिटारवाला, एक ड्रमवाला. मैत्रिणीचा आवाज चढा, ती चाल गायची. ही तिच्या खाली जोडीचे सूर धरायची. लोक दोघींना वरची आणि खालची म्हणत. मोडलं ते ड्रमवाल्यावरून. ताल सोडतो, काढा त्याला, असं वरचीचं म्हणणं. ही त्याच्या बाजूने उभी राहिली. शब्दाने शब्द वाढला आणि अठरा वर्षं एका दुपारीत निकालात निघाली. ज्याच्यासाठी भांडली, त्या पठ्ठ्याने महिन्याभरात वाजवणंच सोडलं आणि सायकलींचं दुकान टाकलं. हिला साधा फोनही केला नाही.

कोपऱ्यातल्या खुर्चीत आई बसली होती. तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. वाटेत पाच मिनिटांचं काम आहे म्हणून लेकीने तिला इथे आणलं, त्याला तीन तास झाले होते.

"मी बोलू का?"

"आई, तू गप्प बस."

"गप्पच आहे की तीन तास. एवढी मी बाळंतपणातही गप्प नव्हते."

रेकॉर्डिस्टला हसू आलं. "बोला, मावशी."

"ही खालचं गातेय."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? अठरा वर्षं यांच्या तालमी माझ्या बाहेरच्या खोलीत झाल्या. मला सूरबिर काही कळत नाही, पण वरचीचं कुठलं नि हिचं कुठलं, ते भाजी चिरतानाही कळायचं. ही जोडीचं गातेय. चाल कुणी गातच नाहीये."

गायिका उसळली. "गाणं माझं आहे, आई! नवं आहे. यात वरची आहेच कुठे?"

"तेच विचारतेय मी. कुठे आहे?"

मग रेकॉर्डिस्टने हळूच विचारलं, "ताई, गाताना तुमच्या मनात काय वाजतं? तेवढंच गुणगुणा."

तिने डोळे मिटले आणि ती गुणगुणली. चाल आली. सबंध, चढी, तिने आजवर तोंडातून न काढलेली. डोळे उघडले तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. पहिल्या अल्बमची नऊ गाणी तिने एकेक करून मनात तपासली. नऊच्या नऊ तशीच. चाल मनात ठेवलेली आणि गळ्याने नुसती साथ केलेली.

"मग हेच गा की," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

"ती तिची जागा आहे."

"येणार आहे का ती?" आईने विचारलं.

लेक हेडफोनची वायर बोटाला गुंडाळू लागली.

"माणूस गेलं तर चार लोक येऊन बसतात, रडू देतात. तुझा बँड मोडला तेव्हा कुणी आलं नाही. मी घरातच होते, तर मी काय म्हणाले? बरं झालं, सुटलीस." आई पदराशी चाळा करत राहिली. जन्मात कुणाची माफी न मागितलेली बाई ती. "ते चुकलं माझं. आता गा."

लेक पाणी प्यायली. हेडफोन चढवले. आणि वरचं गायली.

पहिल्या दोन ओळी नीट गेल्या. तिसरी ओळ लांब होती. जोडीत एक दम घ्यायची तेव्हा दुसरी सूर धरून ठेवायची. अठरा वर्षांत त्यांचा श्वास कुणाला ऐकू गेला नव्हता. आता ओळीच्या मधोमध तिला दम घ्यावा लागला, आणि तिच्याबरोबर गाणंही थांबलं. नुसता श्वास ऐकू आला. मग ती पुढे गेली, थेट शेवटपर्यंत.

रेकॉर्डिस्टने या वेळी 'पुन्हा' म्हटलं नाही. "झालं, ताई. तो मधला श्वास तेवढा काढून टाकतो. आणि खाली तुमचाच आवाज जोडू, म्हणजे भरल्यासारखं वाटेल."

"खाली काही नको."

"आणि श्वास?"

"राहू दे. दम लागतो माणसाला."

त्याने गाणं पहिल्यापासून लावलं. तिघं ऐकत राहिली. तिसऱ्या ओळीत आवाज तुटला, तशी आई खुर्चीत पुढे झाली, कुणी ठेचकाळलं की हात पुढे व्हावा तशी. पुढचा शब्द आला, मग ती हळूहळू मागे टेकली.