पूजेतली फीत

मित्रांनो, मी एक जुनी चुंबकीय फीत आहे. रुंद चाकावर गुंडाळलेली, तपकिरी. माझे आयुष्य सांगण्यासारखे आहे का, याची मलाच शंका वाटते.

कारखान्यात मी कोरी होते. मग माझ्यावर 'सी' भाषेचा कंपायलर उतरवला गेला. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला समजेल असा करून देणे, हे त्याचे काम. सत्त्याऐंशी साली मी नागपूरच्या एका विद्यापीठात आले. तिथे सगळ्यांनी मिळून वापरायची वर्कस्टेशने, म्हणजे एकमेकांना जोडलेले संगणक होते, पण कंपायलर नव्हता. तिथे संगणक शिकवणाऱ्या चारुशीला मॅडमनी वर्षभर मागणी केली, तेव्हा कुठे मी आले. दिवाळीआधी मुलांचे प्रकल्प व्हायचे होते. मी बिघडले आणि दुसरी फीत मागवायची झाली, तर परीक्षा उलटून गेली असती.

मी पोचले ती नेमकी खंडेनवमी. प्रयोगशाळा सांभाळणारे गणपतराव म्हणाले, "मॅडम, आधी पूजा. मंग लावा काय लावाचं ते." पडद्यांना, कळफलकांना हळदकुंकू झाले. मला त्यांनी डबीतून काढले, चिमूटभर कुंकू वाहिले, वर झेंडू ठेवला. एवढा मान मला पुन्हा मिळाला नाही.

दसऱ्याची सुटी संपल्यावर मॅडमनी मला यंत्रावर चढवले. मी थोडी फिरले आणि अडले.

"काहून थांबलं जी?"

"तुमचं कुंकू आत गेलं, गणपतराव."

त्यांचा चेहरा उतरला. "म्या त चांगल्यासाठीच वाह्यलं होतं."

"मले माहीत आहे. आता कापूस आणा, अन् हे टोक धरा. ओढू नका बरं."

स्पिरिटच्या कापसाने मॅडम मला वीतवीत पुसत गेल्या. गणपतराव टोक धरून उभे होते. कापूस लाल होत होता. माझ्यावरची अक्षरेही त्याबरोबर जातील, या भीतीने मी गारठले होते.

दुपारी मी पुन्हा फिरले, अखेरपर्यंत. मॅडमनी कंपायलर संगणकात उतरवला, तोही स्वतःच्या खात्यात न ठेवता सगळ्यांना वापरता येईल अशा जागी. मग शेजारच्या वर्कस्टेशनवर एका विद्यार्थिनीच्या खात्यातून छोटासा प्रोग्राम चालवून पाहिला. पडद्यावर 'नागपूर' हे नाव इंग्रजी अक्षरांत उमटले.

"आलं जी, आलं!" गणपतराव ओरडले.

त्याच संध्याकाळी मॅडमनी एका कोऱ्या फितीवर माझी प्रत केली. पुढे काम पडले की तिलाच चढवत. मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

पुढच्या खंडेनवमीला गणपतरावांनी प्रत कपाटात बंद केली आणि मला पाटावर ठेवले. "कुंकू हिलेच," ते म्हणाले, "तिले कामं आहेत."

मित्रांनो, ज्याच्यावर सगळ्यांचे काम अडून राहते, त्याची पूजा अवश्य करा. पण त्याआधी त्याची प्रत करा. आता मला कोणी वाचत नाही. कडेला थोडे कुंकू तेवढे राहिले आहे. ते पुसू नका.