चेपलेली कड

तोकुजींनी पान्याच्या दांड्यावर दोन हात लांब पाइप चढवला, त्यावर पाय देऊन उभे राहिले आणि सगळं अंग हिसडलं. गाडीच्या पुढच्या चाकाच्या मधोमध बसलेला हबचा नट जागचा हलला नाही. पाना मात्र निसटला आणि सत्तरीतले तोकुजी मुळ्यांच्या वाफ्यात पाठीवर पडले.

"लागलं का हो?" गाडीत ब्रेक दाबून बसलेली त्यांची बायको फुसाए ओरडली.

"तू पाय काढू नकोस!"

"पायाला मुंग्या आल्या, तरी तुमचा नट काही निघेना. कोझुएला बोलावू का?"

"खबरदार! मी शिकवलेल्या पोरीपुढे मी हात टेकू?"

जपानमधल्या निगाता भागातल्या त्या गावात तोकुजींनी तीस वर्षं गॅरेज चालवलं. मग ते कोझुएच्या हवाली केलं, आणि तेव्हापासून भेटेल त्याला एकच ऐकवत आले: हल्लीच्यांना हातातलं काम येत नाही. आता हा नट निघाला नाही, तर गावात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

फुसाएने न जुमानता फोन केला. पंधरा मिनिटांत कोझुए आली. चाळिशीची शांत बाई. वाकून म्हणाली, "उस्ताद, बरे आहात ना?" आणि चाकाजवळ बसली.

नटाची पातळ कड आसाच्या खाचेत ठोकून चेपलेली असते. ती छिन्नीने उचलल्याशिवाय नट सुटत नाही. इथे ती जशीच्या तशी चेपलेली होती. तोकुजींनीही ती आता पाहिली. पान्याला हात लावण्याआधी कडेकडे बोट दाखवून 'कड उचलली!' असं मोठ्याने म्हणायचं, हा त्यांच्याच गॅरेजचा नियम. आज अंगणात एकट्याने ओरडलो तर शेजारी हसतील, म्हणून त्यांनी तो टाळला होता.

कोझुएने छिन्नीला चार ठोके दिले. मग बोट दाखवलं, पण शब्द ओठांतल्या ओठांत म्हटले. पान्याला एक हिसका बसला आणि नट सुटला.

"काय झालं होतं गं?" फुसाएने विचारलं.

"गंज हो, काकू. रस्त्यावरचा बर्फ वितळायला मीठ टाकतात ना! कुणालाच निघाला नसता."

तोकुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिकाऊ असताना कोझुएच्या हातून हीच चूक झाली होती. तेव्हा त्यांनी तिला गॅरेजच्या दारात उभं केलं होतं आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला 'मी कड उचलायला विसरले' असं सांगायला लावलं होतं. दुपारपर्यंत तिचा आवाज बसला होता. आणि आज तीच त्यांची लाज झाकत होती.

"गंज नव्हता," तोकुजी पुटपुटले.

"काय म्हणालात?"

"मी कड उचलायला विसरलो!"

कुंपणापलीकडे कपडे वाळत घालणारी शेजारीण थबकली.

"उस्ताद, राहू द्या ना," कोझुए हळूच म्हणाली.

"तुला कुणी राहू दिलं होतं?" तोकुजी म्हणाले, आणि शेजारणीकडे वळून त्यांनी तेच वाक्य पुन्हा सांगितलं.