छबूची अकरा पत्रं

बाळांनो, घटकाभर असं धरून चाला, की तुमच्या घरात रेडिओ नाही. शेजारीही नाही. अख्ख्या ब्राह्मणपुरीत मिळून एकच रेडिओ आहे, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, आणि त्याच्या पेटीची किल्ली शिपाई मगनच्या कमरेला. दर बुधवारी संध्याकाळी त्यावर गाणी लागतात. मधेच तो खरखरायला लागला, की मगन उठतो, पेटीच्या उजव्या अंगाला एक थापट ठेवून देतो, आणि गाणं पुन्हा सुरू. आता त्या ओट्याखाली धुळीत बसलेल्या दोन मुली बघा. दिसल्या? गुडघ्यावर हनुवटी टेकून बसली आहे, ती छबू. तिच्या शेजारची नर्मदा.

साल एकोणीसशे चौसष्ट. छबू सहावीत होती आणि हेमांगी दिघे या गायिकेपायी वेडी झाली होती. हेमांगीबाई मुंबईच्या. त्यांची गाणी नव्या तऱ्हेची, गिटारच्या ठेक्यावर उड्या मारत येणारी. म्हातारी माणसं ती ऐकून तोंड वाकडं करत आणि पोरींचे पाय आपोआप हलत. छबूला त्यांची एकोणीस गाणी सगळ्या कडव्यांसकट पाठ होती. आज तिचे केस पांढरे झालेत, तरी त्यातलं एकही ती विसरलेली नाही.

नर्मदाही गायची. पण छबूच्या हिशेबी तिला जेमतेम सात गाणी येत, आणि त्यातली दोन ती अर्ध्यावरच सोडून देई.

शहाद्याच्या दुकानात एका रेकॉर्डच्या पाकिटावर कंपनीचा पत्ता छापलेला होता. छबूने तो तळहातावर लिहून आणला आणि वर्षभरात हेमांगीबाईंना अकरा पत्रं धाडली. टपोरं अक्षर, हिरवी शाई. मागणी एकच, सहीचा फोटो. खाली सही, ‘तुमची लाडकी छबू’. एकाचंही उत्तर आलं नाही.

नर्मदाने एकच पत्र लिहिलं. तेही दिवाळीच्या सुट्टीत, वडिलांच्या शेजारी बसून. तिचे वडील पाटबंधारे खात्यात कारकून होते.

आणि एका दुपारी पोस्टमन भटूआबाने छबूला रस्त्यात गाठलं.

“छबू, नर्मदाना घरले कुलूप शे. म्हसावदले गयात ना त्या मामाकडे? हाई पाकीट तिले देजो.”

गावात अशीच रीत होती. ज्याच्या वाटेवर घर, त्याच्या हाती कागद.

पाकिटाच्या कोपऱ्यात त्याच कंपनीचं नाव होतं. वर लाल अक्षरात लिहिलेलं, ‘फोटो, मोडू नये’. एक पत्र! सात गाणी येणाऱ्या मुलीचं, मुंग्या पळाल्यासारख्या अक्षरातलं एक पत्र, आणि तिला फोटो? बाईंनी आपली अकरा पत्रं वाचलीसुद्धा नसतील. की वाचली, आणि आवडली नाहीत?

घरी पुढच्या खोलीत वेचलेला कापूस छताला लागेल इतका साठवलेला होता. छबूने खांद्यापर्यंत हात आत घातला आणि पाकीट तिथेच सोडून दिलं.

दोन दिवसांनी नर्मदा परतली. बुधवारी ओट्यावर हेमांगीबाईंचं गाणं लागलं, तेव्हा ती छबूला म्हणाली, “मन्हं पत्र काय पोचनं नई वाटस. जाऊ दे. तुन्हा फोटो आधी येई दखजो, तुले कितला गाना येतस!”

नर्मदा मायेने बोलली, याचाच छबूला जास्त राग आला. गाणं संपलं तेव्हा ते कोणतं होतं, हेही तिला सांगता आलं नसतं.

वाटेत भटूआबा भेटला. “देई टाकं ना पाकीट?”

“हो आबा,” छबू म्हणाली आणि घराकडे पळाली.

आठव्या दिवशी सकाळी दारात बैलगाडी उभी. कापूस शहाद्याच्या जिनिंगला जायचा होता. छबूची माय, जसोदाबाई, टोपल्या भरभरून कापूस गाडीत टाकत होती. छबू दात घासता घासता उठली आणि तशीच कापसात शिरली.

“काय करी ऱ्हायनी वं पोरी? येडी झायी का?”

“मन्ही रिबीन पडनी, माय!”

कापूस नाकात, केसांत, तोंडात. शेवटी हाताला टणक कड लागली. ओढताना पाकीट एका बाजूने उसवलं. छबू ते घेऊन चुलीमागे जाऊन बसली. उसवलेल्या फटीतून फोटोची कड दिसत होती. एक नाही, दोन कडा. मग मात्र तिला राहवलं नाही. तिने पाकीट पुरतं फाडलं.

हेमांगीबाई दोनदा हसत होत्या, दोन सारख्या फोटोंतून. सोबत चिठ्ठी होती.

‘प्रिय नर्मदा, तुझा फोटो पाठवते आहे. बदल्यात माझं एक काम करशील? छबू नावाची मुलगी मला वर्षभर पत्रं लिहिते आहे. अकरा झाली. मी ती जपून ठेवली आहेत, पण एकावरही तिचा पत्ता नाही, आणि शिक्का नुसता शहाद्याचा. तू लिहिलंस, की तुमच्या पंचायतीचा रेडिओ थापट खाल्ल्याशिवाय गात नाही. छबूच्या पत्रांतही असाच एक रेडिओ आहे. असे दोन रेडिओ एका तालुक्यात असतील असं मला वाटत नाही. दुसरा फोटो तिचा. तो तू तुझ्या हाताने तिला दे.’

छबूने चिठ्ठी तीनदा वाचली. स्वतःचा पत्ता? तो कशाला लिहायचा? ब्राह्मणपुरीत कुठली छबू हे भटूआबाला झोपेतही सांगता आलं असतं. मुंबईला भटूआबा नव्हता, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

चुलीत अजून निखारे होते. चिठ्ठी त्यात टाकली, आपला फोटो ट्रंकेत ठेवला, उरलेला नव्या पाकिटात घालून नर्मदाच्या उंबऱ्यावर सोडला, की काम संपलं. कुणाला कळणार होतं? छबूने चिठ्ठी निखाऱ्यांवर धरलीही. धग बोटांना लागली. ‘तू तुझ्या हाताने तिला दे.’ नर्मदाने ज्या हाताने फोटो द्यायचा, तो हात छबूमुळे आठ दिवस रिकामा होता.

बाहेर माय गाडीवानाला हाका मारत होती. छबू उठली.

नर्मदा अंगणात भांडी घासत होती. छबूचे केस बघून ती खो-खो हसली. “काय वं, कापूसमा लोळनी का?”

“तुन्हं पाकीट,” छबू म्हणाली. “आठ दिन झायात. मी दपाडी ठेवं व्हतं. फोडं बी मीच.”

नर्मदाचं हसू जागच्या जागी थांबलं. छबूने फाटकं पाकीट, चिठ्ठी आणि फोटो, दोन्ही फोटो, तिच्या राख लागलेल्या हातांत दिले. मग आपले हात पाठीमागे घट्ट धरले, आणि नर्मदा चिठ्ठी वाचून संपवेपर्यंत ती तिथून हलली नाही.