प्रेबेनचं नेहमीचं

बोडिल अजून मेन्यूच उघडत होती, तोवर वाढणाऱ्या बाईनं प्रेबेनसमोर मोहरीच्या चटणीची वाटी आणून ठेवली.

"नेहमीचंच आणू ना?"

प्रेबेन कानापर्यंत लाल झाला. "तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. मी इथं पहिल्यांदाच येतोय."

बाईनं एकदा बोडिलकडे पाहिलं, वाटी उचलली आणि आत गेली.

लेमविग या लहानशा गावातलं घर विकून नवराबायको आरहूसला राहायला आली, त्याला वर्ष होत आलं होतं. हे नवं शहर बोडिल जिभेनं पालथं घालत होती. दर शनिवारी नवी जागा; कधी सीरियन, कधी व्हिएतनामी, कधी बंदरावरची माशांची. पहिल्या घासाला ती डोळे मिटायची आणि उघडले की प्रेबेनला विचारायची, "काय लागतंय? जिरं? की लिंबाची साल?" आज ठरवलेलं हॉटेल बंद निघालं, म्हणून दोघं या तळघरातल्या जुनाट जागेत शिरली होती. प्रेबेन दारातच घुटमळला होता, ते तिला आता आठवलं.

घरी जाताना ती म्हणाली, "दिसायला बरी आहे ती बाई."

"कोण बाई?"

विषय तिथंच संपला. पण मग तिला एकेक गोष्ट खुपायला लागली. बुधवारी दुपारी तो पोहायला जायचा आणि टॉवेल कोरडाच परत आणायचा. त्या दिवशी संध्याकाळी जेवायला बसला की नुसतं चिवडत राहायचा.

पुढच्या बुधवारी बोडिल त्या तळघरात जाऊन टांगलेल्या कोटांच्या आडोशाला बसली. प्रेबेन खिडकीपाशी होता. पुढ्यात डुकराच्या मांसाचे कुरकुरीत काप, उकडलेले बटाटे, वर पांढरा सॉस. लेमविगला हे ती आठवड्याआड करायची. त्याच्यासमोरची खुर्ची रिकामी होती. बोडिल त्या खुर्चीवर नजर ठेवून राहिली. तिनं मागवलेलं सूप गार झालं, तरी कोणी आलं नाही.

वाढणाऱ्या बाईनं तिला ओळखलं. ती जवळ आली.

"त्यांच्याबरोबर कोण येतं?" बोडिलनं हळूच विचारलं.

"कोणी नाही. एकटेच येतात." बाईनं खिडकीकडे पाहिलं. "पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, कसं झालंय म्हणून. तर म्हणाले, कृपा करून तेवढं विचारू नका."

बोडिलनं चमचा खाली ठेवला. तिथं एखादी बाई बसलेली असती, तर निदान भांडता तरी आलं असतं.

ती उठली आणि त्याच्यासमोर जाऊन बसली. प्रेबेनचा हात ताटावरच थांबला.

"बोडिल, मी सांगणारच होतो..."

"जेव आधी. गार होतंय."

सॉसमध्ये जायफळ जास्त पडलं होतं. तिला वासावरूनच कळलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. तो सावकाश जेवत होता आणि मधूनच चोरून तिच्याकडे बघत होता. ती आता 'काय लागतंय?' विचारेल, याचीच त्याला धास्ती वाटत असावी. तिनं हातमोजे काढून मांडीवर ठेवले.

शेवटचा बटाटा त्यानं कापला, पण तोंडात घातला नाही.

"घर विकायला नको होतं आपण," तो म्हणाला.