चौसष्ट अक्षरांचा धाकटा

पाणी वाढलं एवढं सांगायला गावाचा पत्ता कशाला लागतो? थोरला गेला त्या दिवसापासून मी हेच विचारतोय.

मी राजूरजवळच्या ओढ्यावरचा, फरशी पुलाच्या खांबाला बांधलेला भोंग्याचा डबा बोलतोय. माझा थोरला वर बंधाऱ्यावर होता. सुरेखाच्या मोबाईल दुरुस्तीच्या टपरीत आम्ही एकाच दिवशी जन्मलो. तो आधी सुरू झाला, म्हणून थोरला. त्याने पाणी मोजायचं, वाऱ्यावरून, बिनतारी, मला कळवायचं आणि मी बोंब ठोकायची.

शिक्षण म्हणाल तर मला थोडंच. स्वस्तातला मी. एका निरोपातली चौसष्ट अक्षरं डोक्यात मावतात, पुढची सांडतात. आणि निरोप अख्खा मावला नाही तर मी वाजत नाही.

निरोप कसा लिहायचा हे शामकांत गुरुजींनी ठरवलं. गावाचे अर्ज आयुष्यभर त्यांनीच लिहिलेले.

"आधी मौजे, तालुका, जिल्हा, वार, दिनांक. मग विषय. रीत असते."

"गुरुजी, त्यो डबा हाय, तहसीलदार न्हाई," सुरेखा हसली. पण तिचं चाललं नाही. चाचणीला मात्र 'आलं का?' एवढंच पाठवलं. मी वाजलो. पेढे वाटले.

गेल्या श्रावणात थोरल्याने खरा निरोप धाडला. मौजे आलं, तालुका आला, जिल्हा आला, वार आला. माझं डोकं भरलं. 'पाणी वाढलं' बाहेरच सांडलं. त्याने पुन्हा पाठवला. सात वेळा. आठवा निरोप मध्येच तुटला. थोरला वाहून गेला होता आणि मी खांबावर मुका. त्याच वेळी दूध घेऊन फरशीवर आलेली बनुबाई कठड्याला धरून कशीबशी वाचली. किटली गेली.

"डबा मंद हाय. फेका त्याला," लोक म्हणाले.

मंद? मी? माझा भाऊ बुडता बुडता ओरडत होता आणि तुम्ही त्याच्या तोंडात पत्ता कोंबला होता!

सुरेखाने मला उघडून सगळं वाचलं. "गुरुजी, सात येळा पत्ता आलाय. बातमी एकदाबी न्हाई."

मग गुरुजींनीच तो मजकूर खोडला. निरोपात फक्त एक आकडा ठेवला. एक म्हणजे ठीक, नऊ म्हणजे पळा.

"बॅटरी जपायला एकच मिनिट वाजू दे याला," ते हळूच म्हणाले.

"न्हाई. पानी वसरेपर्यंत वाजंल," सुरेखा म्हणाली.

बंधाऱ्यावर नवा डबा बसला. लोक त्यालाही थोरला म्हणतात. मी म्हणत नाही.

आज मी टपरीतल्या खोक्यात पडलोय. बॅटरी फुगलीय, भोंगा फाटलाय. शहरातून हुशार डबा आणणार म्हणे. आणा. पण त्यालाही छोटा घास द्या, बातमी आधी सांगा. आणि मला मंद म्हणायचं नाही.

परवा नऊ आला. अख्खा आला. बनुबाई फरशीवर पाय टाकतच होती. मी असा ओरडलो की ती दचकून मागे फिरली. "आरं मुडद्या, आलं ऐकू!"

पण मळ्यातून परतणाऱ्या चार बाया फरशीच्या मधोमध होत्या. बॅटरी तळाला गेली होती. भोंगा थांबवला असता तर मी वाचलो असतो. त्या पळत सुटल्या आणि शेवटची बाई काठावर चढेपर्यंत मी वाजत राहिलो.