रिबीन बांधलेलं वांगं आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी झारी आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मी रागावलेली आहे. जुन्या वस्तूंनी हळव्या आवाजात आपली कहाणी सांगायची, शेवटी एक उसासा टाकायचा आणि गप्प बसायचं, अशी तुमची अपेक्षा असते. मला ते जमणार नाही. माझ्या तळाला पत्रा सांधणारे, झाळून बसवलेले पाच डाख आहेत. ते कसे आले हे ऐका आणि मग माझा राग खरा की खोटा ते तुम्हीच ठरवा.

चाळीसेक वर्षांपूर्वी वसईच्या बाजारात प्रल्हाद नावाच्या कारागिराने मला जाड पत्र्यातून घडवलं. पोट गोल, मूठ घट्ट, आणि तोटीच्या टोकाला बारीक भोकांची चाळणी. होळी गावचा वाडीवाला सॅन्टन मला विकत घ्यायला आला तेव्हा त्याने दुकानातच मला काठोकाठ भरलं, डोक्याच्या वर धरलं आणि खालून किती तरी वेळ निरखून पाहिलं. थेंबसुद्धा पडला नाही. "गळत नाही," तो एवढंच म्हणाला आणि मला घेऊन निघाला. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी होती आणि मला ती अजून पाठ आहे.

सॅन्टनच्या वाडीत मी खूप राबले. एका हातात मी, दुसऱ्या हातात माझी जोडीदारीण, आणि मध्ये भरभर चालणारा सॅन्टन. विहिरीजवळच्या टाकीत बुडवायचं, वाफ्यांमधून पळायचं, पुन्हा टाकीशी यायचं. माठाच्या भाजीचं कोवळं रोप माझ्या पाण्याखाली कधी मोडलं नाही, याचा मला अभिमान आहे. असला तर असू दे. पुढे पंप आला, पाइप आला, जोडीदारीण भंगारात गेली आणि सॅन्टनही देवाघरी गेला. मी विहिरीच्या कडेला पालथी पडून राहिले. सॅन्टनची बायको क्लेमेंटीन मात्र वाडी सोडायला तयार नव्हती. गुडघे कुरकुरायला लागले तरी सकाळी सातला ती वाफ्यात बसलेली असायची.

दोन वर्षांपूर्वी एका संस्थेने तिच्याकडे अर्धी वाडी मागितली. शाळेतल्या मुलांना सेंद्रिय भाजी कशी पिकवतात ते शिकवायचं, आणि कॉलेजच्या मुलांना तिथे तीन महिन्यांची इंटर्नशिप द्यायची, असा बेत होता. मुलं येणार म्हटल्यावर क्लेमेंटीनने एका शब्दात हो म्हटलं. संस्थेचं काम बघायला विरारहून संग्राम सर येऊ लागले. माणूस दुष्ट नाही, उगाच कशाला बोल लावू? पण त्यांना माती फोटोत जास्त आवडते. हाताला लागली की लगेच नळ शोधतात.

मुलांनीच मला विहिरीच्या कडेवरून उचललं. लविना नावाची गावातलीच आठ वर्षांची मुलगी आणि तिची मैत्रीण, दोघी मिळून मला उचलायच्या, कारण भरलेली मी एकीला पेलत नसे. अर्धं पाणी त्यांच्या पायांवर, अर्धं वाफ्यात. पण मी पुन्हा कामाला लागले होते. इतक्या वर्षांनी पोटात गार पाणी आलं तेव्हा मला काय वाटलं ते सांगत बसले तर मी रडेन, आणि आज मला रडायचं नाही.

आता खरी गोष्ट ऐका. क्लेमेंटीनकडे वांग्याचं एक जुनं बी होतं. हिरवट पांढरं, बुटकं, गोड वांगं. सॅन्टनच्या आईपासून घरात चालत आलेलं. गावातल्या बाकीच्यांनी केव्हाच पाकिटातलं बी धरलं होतं, त्यामुळे हे वांगं क्लेमेंटीनच्या डब्याबाहेर कुठेच उरलं नव्हतं. दरवर्षी ती निम्मं बी पेरायची आणि निम्मं डब्यात राखून ठेवायची. या वर्षी मुलं जास्त आली. रांगेतल्या शेवटच्या मुलांच्या हातावर काही पडेना, तेव्हा तिने डबा सरळ उपडा केला. "माझ्या डब्यात ठेवून काय करू?" ती म्हणाली. "तुमच्या वाफ्यातूनच पुन्हा भरून घेईन."

घरी ती आपली गावची बोली बोलते, पण मुलांशी अगदी शाळेतल्यासारखं सावकाश बोलते. तिने मुलांना बियाण्याची रीत शिकवली. सगळ्यात जोमदार रोप शोधायचं. त्याची पहिली दोन वांगी तोडायची नाहीत. ती पिवळी पडू द्यायची, मऊ होऊ द्यायची, मगच आतलं बी पिकतं. आणि चुकून कोणी तोडू नये म्हणून त्या रोपाला चिंधी बांधायची. होळी गावात चिंधी बांधलेल्या फळाला शेंबडं पोरही हात लावत नाही. चिंधीच्या जागी लविनाने आपल्या वेणीतली लाल रिबीन सोडून बांधली. घरी गेल्यावर आईची बोलणी खाल्ली, पण रिबीन परत नेली नाही.

हे सगळं शिकवलं जात होतं तेव्हा इंटर्न मुलगी कुठे होती म्हणाल, तर पत्र्याच्या शेडमध्ये लॅपटॉपसमोर. तिचं नाव आर्या. विरारची, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. ती आली तेव्हा तिच्या पिशवीत नवंकोरं खुरपं होतं. तीन महिन्यांत त्या खुरप्याला माती लागली असेल तर शपथ! तिला कामं काय, तर रिपोर्ट कर, पोस्टर कर, मुलांच्या हसऱ्या चेहऱ्यांचे व्हिडिओ कर. पोरगी शेडच्या दारातून वाफ्याकडे बघत बसायची. कॉलेजला दाखवायला प्रमाणपत्र हवं होतं आणि त्यावर सही संग्राम सरांची. म्हणून बिचारी काही बोलत नसे.

फेब्रुवारीत खबर आली की संस्थेला मदत करणाऱ्या कंपनीचे पाहुणे बाग बघायला येणार. झालं, सरांची धांदल उडाली. पहिली नजर माझ्यावर पडली. गंजकी दिसते म्हणे! मला पिवळा रंग फासला, पोटावर सूर्यफूल काढलं. ते आर्याने काढलं, आणि चांगलं काढलं, खोटं कशाला बोलू? पण मग एक माणूस ड्रिल घेऊन आला आणि त्याने माझ्या तळाला पाच भोकं पाडली. मित्रांनो, चाळीस वर्षं मी एक थेंब गळू दिला नव्हता. माझ्यात माती भरून फुलझाड लावलं आणि मला फाटकावर टांगलं. खाली पाटी, 'मातीशी नातं'. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण टांगलेली झारी करणार काय?

फाटकावरून मला सगळे वाफे दिसत होते. म्हणूनच पुढचं मी पाहिलं.

पाहुणे शनिवारी येणार होते. शुक्रवारी दुपारी मुलं नव्हती आणि क्लेमेंटीन गुडघे दाखवायला डॉक्टरकडे गेली होती. तेवढ्यात टेम्पोतून नर्सरीची रोपं उतरली. काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांमधली, तयार फुलं आणि चमकदार जांभळी वांगी लागलेली. संग्राम सर वाफ्यात फिरले आणि लाल रिबिनीपाशी थांबले. पिवळी, सुरकुतलेली दोन वांगी बघून त्यांनी नाक मुरडलं. हे सडकं रोप काढून टाक, असं त्यांनी आर्याला सांगितलं. आर्या म्हणाली की मुलांनी रिबीन बांधली आहे, काहीतरी कारण असेल, क्लेमेंटीन मावशींना विचारू या. सरांनी घड्याळ बघितलं. मुलांना दुसरं लावून देऊ, असं म्हणून ते पुढे गेले आणि जाताजाता प्रमाणपत्राचे कागद सोमवारी सहीला आणायची आठवणही करून दिली.

क्लेमेंटीन येतेय का, ते आर्याने एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग तिने रिबीन सोडली, नीट गुंडाळून खिशात ठेवली आणि रोप उपटलं. मला ओरडावंसं वाटलं. रिबीन जपून ठेवणाऱ्या मुलीला कळत नव्हतं असं कसं म्हणू? तिला कळत होतं, म्हणून तर मला जास्त राग आला. मुलांची बाकीची बुटकी रोपंही गेली. सगळं खताच्या खड्ड्यात. त्या जागी नर्सरीची रोपं पिशव्यांसकट पुरली आणि वरून माती सारखी केली.

क्लेमेंटीन उशिरा परतली आणि थेट घरात जाऊन पाय वर करून बसली. शनिवारी सकाळी ती स्वयंपाकघरात पाहुण्यांसाठी चहा करत होती, तेव्हा पाहुणे मुलांसह वाफ्यापर्यंत पोचले होते. संग्राम सर सांगत होते की ही सगळी रोपं मुलांनी बियांपासून वाढवली. एका बाईंनी कौतुकाने लविनाला विचारलं की यातलं तुझं कोणतं.

"ही आमची नाहीत," लविना म्हणाली.

सर हसले आणि म्हणाले की मुलं लाजतात. लविना लाजत वगैरे नव्हती. ती वाफ्यात शिरली, रिबिनीच्या जागेवरचं रोप दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. काळ्या पिशवीसकट ते वर आलं. तिने ते तसंच पाहुण्यांसमोर धरलं. त्या बाईंनी संग्राम सरांकडे बघितलं आणि संग्राम सरांनी आपल्या बुटांकडे.

तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन क्लेमेंटीन आली. तिने वाफा बघितला. ट्रे खाली ठेवला. ती ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, "आमचं वांगं कुठंय?"

सर बोलायच्या आत आर्या पुढे झाली. खिशातली रिबीन तिने तळहातावर ठेवली होती. "मी उपटलं, मावशी. रिबीन दिसली होती मला. तरी उपटलं."

तिला रडू फुटलं. क्लेमेंटीनने तिच्याकडे एकदाच पाहिलं. "रडायचं नंतर," ती म्हणाली. "आधी खड्डा दाखव."

मग पाहुणे राहिले पाहुण्यांच्या जागी, आणि त्या दोघी, मागे सगळी मुलं, खताच्या खड्ड्यात उतरल्या. आर्याचे हात तीन महिन्यांत पहिल्यांदा कोपरापर्यंत मातीत गेले ते असे. एक वांगं फुटून गेलं होतं, त्यात किडे शिरले होते. दुसरं तळाशी सापडलं, दबलेलं पण अख्खं. क्लेमेंटीनने ते दाबून बघितलं आणि मान हलवली. अजून पंधरा दिवस झाडावर राहायला हवं होतं, असं ती म्हणाली. बी धुवायला पाणी हवं म्हणून लविना धावत आली, मला फाटकावरून काढलं, फुलझाड उपटलं आणि टाकीत बुडवलं. मी वर आले आणि पाच धारांनी सगळं पाणी खाली गेलं.

क्लेमेंटीनने मला हातात घेऊन उलटं केलं. त्या सकाळी तिचा आवाज चढला तो तेव्हाच. "झारीला भोकं? माझ्या नवऱ्याच्या झारीला?" मित्रांनो, चाळीस वर्षांत माझ्यासाठी कोणी आवाज चढवला नव्हता. मला काय वाटलं ते तुम्ही समजून घ्या.

शेवटी बादलीत वांगं कुस्करलं. चांगलं बी तळाशी बसतं, पोकळ बी तरंगतं. जवळजवळ सगळंच तरंगलं. तळाशी बसल्या त्या एकोणीस बिया. कोवळं बी टिकणार नाही म्हणून क्लेमेंटीनने ते दोन दिवस सावलीत सुकवून लगेच पेरलं.

संग्राम सरांनी आर्याच्या कागदावर सही केली नाही. पाहुण्यांसमोर संस्थेची शोभा केली म्हणे! शोभा कोणी केली, हे मी पाटीच्या वर टांगलेली असताना चांगलं बघितलं होतं. आर्या भांडली नाही. तिने मला पिशवीत घातलं आणि बाजारात फिरली. प्रल्हादच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. पत्र्याचं काम करणारा एक म्हातारा तिला दोन तासांनी सापडला. नवी प्लास्टिकची घे, असं तो तिला सांगत राहिला, आणि हीच दुरुस्त करा, असं ती त्याला सांगत राहिली. त्याने पाच डाख लावले. परत आल्यावर तिने मला काठोकाठ भरलं आणि डोक्याच्या वर धरून खालून पाहिलं. हे तिला कोणी शिकवलं होतं, कोण जाणे. मी गळत नव्हते.

त्यानंतर रोज एकोणीस बियांवर माझंच पाणी पडलं. आठवा दिवस गेला, काही नाही. नववा गेला. अकराव्या दिवशी लविना किंचाळत आली. एक कोंब होता. आठवडाभरात चार झाले. एकोणीसमधले चार.

मे महिन्याच्या शेवटी त्या चारांपैकी सगळ्यात जोमदार रोपाला पहिलं वांगं धरलं. हिरवट पांढरं, बुटकं. परीक्षा संपवून आर्या आली होती. कागद नाही, सही नाही, नुसतं खुरपं घेऊन. लविना लाल रिबीन बांधायला वाकली, तर क्लेमेंटीनने तिचा हात धरला.

"तिला दे," ती आर्याकडे बोट दाखवून म्हणाली. "सोडली तिने, बांधू दे तिलाच."

आर्याला गाठ मारायला फार वेळ लागला. लविना बाजूला बसून सूचना देत होती, आणि मी भरलेली, वाफ्याच्या कडेला वाट बघत होते.

आता माझं एवढंच सांगणं आहे, मित्रांनो. माझा पिवळा रंग उडत चालला आहे, त्याला कोणी हात लावू नका. मला पुन्हा फाटकावर टांगू नका, माझ्याखाली पाटी लावू नका, माझा फोटो काढू नका. बागेत आलात तर आधी माझ्यात पाणी भरा. एकट्याने उचलत नसेल तर मैत्रिणीला हाक मारा. आणि रिबीन दिसली, तर थांबा आणि विचारा.