चौदा नंबरचं पिवळं कार्ड

टिकटिकनं एकतीस कार्डांचा गठ्ठा टेबलावर पालथा घातला, वरचं एक उचललं आणि सलूनवाल्या काकांच्या नाकासमोर धरलं.

"काका, या घराला कुलूप आहे."

"असेल. बाजारात गेले असतील."

"दोन वर्षं?"

काकांनी कार्ड लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं. त्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं : 'घरी सगळे आनंदात. मत आपल्यालाच.'

"कुलूप लागायच्या आधी आनंदातच होते," काका म्हणाले.

घरोघर जाऊन मतं विचारून भरायची ती एकतीसच्या एकतीस कार्डं त्यांनी दुकानातल्या फिरत्या खुर्चीत बसून, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात भरली होती. पण त्यांना त्यात काही गैर वाटत नव्हतं. या वॉर्डातलं एकूण एक डोकं आपल्या हाताखालून जातं, तेव्हा आत काय शिजतंय ते आपल्याला बाहेरून कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. एका घरातल्या तान्ह्या बाळाचंही मत त्यांनी आपल्याकडे लावलं होतं. त्याचं जावळ त्यांनीच उतरवलं होतं ना.

'आपला वॉर्ड' गटाची ही सहाव्या आठवड्यातली बैठक. गट म्हणजे चार माणसं. निवृत्त मास्तर अध्यक्ष, सलूनवाले काका प्रचारप्रमुख, झेरॉक्सवाल्या काकू पत्रकं छापणार आणि टिकटिकचे बाबा उमेदवार. बाबा घड्याळं दुरुस्त करत. तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून खाली मान घालून बसलेला माणूस, तो उमेदवार कसा झाला, याचं उत्तर सोपं होतं : बाकीच्यांना होता येत नव्हतं. मास्तरांनी अर्धा वॉर्ड गणितात नापास केला होता. उरलेल्या अर्ध्याशी सलूनवाल्या काकांचं वाजलं होतं. आणि काकू म्हणाल्या होत्या, "मी निवडणुकीला उभी राहिले तर दुकानात कोण उभं राहील?"

पाचवी टिकटिक. वय सोळा. मागच्या वर्षीपर्यंत ही मुलगी पाहुण्यांना पाणी द्यायचं म्हटलं तरी दाराआडून हात पुढे करायची. मग शाळेच्या वादविवाद स्पर्धेत कुणीतरी आजारी पडलं, हिला ढकलली, हिला कप मिळाला, आणि तेव्हापासून तोंडाला जी चावी बसली ती उतरलीच नाही, म्हणून टिकटिक. दोन आठवड्यांपूर्वी तिनं गटापुढे सतरा मिनिटं भाषण करून स्वतःसाठी सभासदत्व मिळवलं होतं. तसा ठराव झाला. मास्तरांनी तो इतिवृत्तात लाल शाईनं लिहिला, कारण तिला थांबवायचा दुसरा मार्ग त्यांना दिसेना.

"माझी सूचना आहे," टिकटिक म्हणाली. "दार वाजवल्याशिवाय कार्ड भरायचं नाही. अपवाद नाही. कोणाचंही खोटं कार्ड निघालं तर तो गटातून बाहेर."

"कोणाचंही म्हणजे प्रचारप्रमुखाचंही?" काकांनी विचारलं.

"आजपासूनचं."

"मग माझी हरकत नाही."

ठराव मंजूर झाला. त्याच्या खाली जुना नियम होताच. पहिल्या आठवड्यात कार्डं वाचताना घर नंबर बावन्न ऐकल्याबरोबर मास्तर म्हणाले होते, "तो माझा साडू. तो 'हो' म्हणाला म्हणजे 'नाही' समजायचं," आणि पुढचा तास साडू या एकाच विषयावर गेला होता. तेव्हापासून घर नंबरावर कागदाची पट्टी चिकटवायची. कार्ड वाचायचं, उपाय ठरवायचा, आणि त्या घरी पुन्हा कोण जाणार हे ठरलं की त्यानंच पट्टी काढायची.

टिकटिकच्या वाट्याला एक ते चाळीस नंबरची घरं आली. सोबत झेरॉक्सवाल्या काकू, कारण पोरीला एकटी सोडली तर ती पहिल्याच घरात मुक्काम करील, असं मास्तरांना वाटलं.

शनिवारी दुपारी त्या निघाल्या. तीन नंबरच्या गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकलं, दोनदा मान डोलावली आणि मग सांगितलं की ते इथं राहत नाहीत, नळ दुरुस्त करायला आलेत. सातमधल्या आजोबांना रस्त्यावरच्या दिव्याबद्दल तक्रार होती, पण दिवा कुठला हे आठवेना, म्हणून ते दोघींना घेऊन खांब दाखवायला निघाले आणि चौथ्या खांबापाशी 'आपण कशाला निघालो होतो' असं विचारू लागले. जवळजवळ प्रत्येक घर शेवटी एकच वाक्य म्हणे, "विचार करून सांगतो."

"हे ऐकलं की पुढे एक शब्द बोलायचा नाही," काकूंनी तिला बजावलं. "आभार मानायचे आणि निघायचं. आणखी बोललं की हातातलं मतही जातं. तुझ्यासाठी अवघड आहे, पण जमव."

तेराचं दार मिटलं तेव्हा काकूंनी पदरानं कपाळ पुसलं. "चौदाला हिरवी खूण कर आणि पंधराला चल."

हिरवी म्हणजे आपलं मत, लाल म्हणजे त्यांचं, पिवळी म्हणजे कुंपणावरचं. चौदा नंबर म्हणजे टिकटिकचं स्वतःचं घर.

टिकटिकनं हिरवं पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं.

"दार वाजवल्याशिवाय नाही, असं ठरलंय."

"अगं, उमेदवाराचं घर आहे ते."

"अपवाद नाही असंही ठरलंय. मीच म्हणाले होते."

आणि तिनं स्वतःच्या घराचं दार वाजवलं.

आईनं उघडलं. ती रक्त तपासणीच्या केंद्रात काम करायची, सकाळी आठपासून उभ्यानं लोकांच्या शिरा शोधायची. आत्ताच आलेली. एका पायात चप्पल, एक हातात.

"किल्ली विसरलीस?"

"नमस्कार. मी 'आपला वॉर्ड' गटाकडून आलेय. आपली दोन मिनिटं मिळतील का?"

आईनं लेकीकडे पाहिलं, मग काकूंकडे. काकू जिन्याच्या कठड्यावरचा रंग नखानं खरवडण्यात गुंग झाल्या.

"दोनच," आई म्हणाली.

"प्रश्न पहिला. रोजच्या जगण्यात आपली सगळ्यात मोठी अडचण कोणती?"

'तुझी बडबड' असं उत्तर येईल म्हणून टिकटिक तयारीत होती. पण आईनं खरंच विचार केला. चौकटीला खांदा टेकला.

"संध्याकाळी कामावरून आलं की बसायला जागा नसते."

टिकटिकनं शब्दन् शब्द उतरवला. छान तक्रार होती. नेमकी होती. तिच्या डोळ्यांपुढे बसथांबा आला.

"प्रश्न दुसरा. आमच्या गटातलं कुणी याआधी आपल्याला भेटलंय?"

"भेटलेत. विचारलं कुणी काही नाही."

"प्रश्न तिसरा. मत कोणाला देणार?"

आईचा आवाज एकदम केंद्रातला झाला, मऊ आणि सरावाचा. "आता जरा टोचेल हं," ती म्हणाली. "अजून ठरवलं नाही."

"आई."

"प्रचाराला आलीस ना? मग मतदार म्हण."

दार मिटलं. टिकटिक कार्डाकडे बघत उभी राहिली. काकू जिन्यावरून हळूच म्हणाल्या, "हिरवी कर, बाळा. कोण बघतंय."

कोणी बघत नव्हतं, तीच तर पंचाईत होती. पिवळी खूण केली तर भर बैठकीत बाबांची शोभा. हिरवी केली तर एकतीस कार्डांचे सलूनवाले काका आणि आपण एकाच माळेचे मणी. तिनं पेनाचं टोपण चावून चावून चपटं केलं. मग पिवळी खूण केली, नंबरावर पट्टी चिकटवली, आणि तिच्यावर आणखी एक.

गुरुवारी साडेसहाला बैठक भरली. नेहमीसारखी टिकटिकच्याच घरी, कारण मास्तरांकडे सून होती, सलूनमध्ये गिऱ्हाइकं आणि काकूंकडे यंत्र. टेबलाभोवती चार खुर्च्या, चार सभासद. टिकटिक स्वयंपाकघरातल्या स्टुलावर, तिच्या सभासदत्वाच्या ठरावात ते स्टूलही मंजूर झालं होतं. आतल्या खोलीत पलंगभर तीन हजार पत्रकं गल्लीवार रचलेली, आणि त्याला कोणी टेकायचं नाही अशी काकूंची सक्त ताकीद. सहाला घरी आलेली आई कपात चहा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

मास्तर एकेक कार्ड वाचत होते. कचरा, दिवा, कुत्री, पुन्हा कचरा. मग त्यांनी चष्मा सारखा केला.

"'संध्याकाळी कामावरून आलं की बसायला जागा नसते.' गट भेटलाय, पण विचारलं कुणी काही नाही. मत ठरलेलं नाही. पिवळं."

"बाक," सलूनवाले काका म्हणाले.

"अर्थात बाक," मास्तर म्हणाले.

सात आठवड्यांत पहिल्यांदा गटाला असा मुद्दा सापडला होता, की ज्याच्यावर उपाय सुतार करू शकतो. चर्चेला ऊत आला. बाक लाकडी की सिमेंटचा. पाठ असलेला की बिनपाठीचा. काकांच्या मते बाकाला योग्य जागा एकच, सलूनच्या समोर. मास्तरांच्या मते बाकाचं तोंड पूर्वेला हवं, म्हणजे मावळतीचं ऊन डोळ्यांवर येत नाही. तिघंजण बसावेत की चौघं, यावर मतदान झालं आणि दोन-दोन मतं पडली. एरवी अशा वेळी निर्णायक मत द्यायला टिकटिक उडी मारायची. आज ती पेनाचं चपटं टोपण आणखी चावत बसली.

आणि मग बाबा बोलले. सात आठवड्यांत ज्यांनी 'बरं' आणि 'बघू' यापलीकडे मजल मारली नव्हती, ते खुर्चीत पुढे सरकले, टेबलावर दोन्ही कोपरं रोवली आणि मान वर केली.

"एक बाई दिवसभर राबून येते," ते म्हणाले. "तिला घटकाभर टेकायला जागा नाही. आणि ते आपल्याला तिनं सांगेपर्यंत कळलं नाही. आपण तिला भेटलोय, तिच्यासमोरून गेलोय, आणि विचारलं काही नाही. लाज वाटायला हवी. मला वाटते."

सलूनवाल्या काकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी लाल शाईचं पेन काढलं.

दारातल्या आईनं कप डाव्या हातातून उजव्या हातात घेतला आणि अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकला.

टिकटिकनं ते पाहिलं. तिनं आईकडे पाहिलं, खुर्च्यांकडे पाहिलं, पलंगाकडे पाहिलं. मग तिला आपल्या बुडाखालचं स्टूल एकदम टोचायला लागलं. झेरॉक्सवाल्या काकू टेबलाच्या लाकडातल्या रेघा मोजत होत्या. त्यांना बहुधा शनिवारीच कळलं होतं.

"आज टिकटिक बंद पडली की काय," मास्तर म्हणाले. "घरात घड्याळजी असून ही अवस्था."

"तर या बाईकडे कोण जाणार?" काकांनी विचारलं.

"मी," बाबा म्हणाले.

"बाबा, मी जाते ना. माझाच भाग आहे."

"नाही. इथं उमेदवारानंच जायला हवं."

त्यांनी खिशातून चिमटा काढला. दुसरा कोणी असता तर पट्टी ओरबाडून काढली असती. बाबांनी कोपरा उचलला, फुंकर घातली, अलगद पट्टी सोडवली. खाली दुसरी निघाली. तीही सोडवली. मग वाचलं.

ते बराच वेळ वाचत होते. आकडे दोनच होते.

"कुठं आलंय घर?" काकांनी विचारलं.

"जवळच आहे," बाबा म्हणाले.

त्यांनी चिमटा खिशात ठेवला आणि ते उभे राहिले. "पुढच्या गुरुवारपासून बैठक सलूनमध्ये."

"माझ्याकडे खुर्च्या दोन. त्याही फिरत्या."

"मग उभ्यानं घेऊ. लवकर संपेल."

"आणि बाकाचा ठराव?" मास्तरांचं पेन अजून हवेतच होतं.

"तो जरा थांबवा. आधी ती पत्रकं जिन्यात काढू या."

"माझ्या गल्ल्या," काकू म्हणायच्या म्हणून म्हणाल्या, पण पहिला गठ्ठा त्यांनीच उचलला. सलूनवाले काका 'झालं काय, सांगाल का कुणी' असं म्हणत म्हणत दुसरा घेऊन गेले. मास्तर इतिवृत्त काखेत मारून निघाले. बैठक अध्यक्षांच्या परवानगीशिवाय संपल्याची नोंद कुठल्या शाईनं करावी, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

टिकटिक स्टुलावरून उठली होती. पण ते कुठं ठेवावं हे न कळून पोटाशी धरून उभी राहिली.

बाबांनी आपली खुर्ची टेबलापासून ओढली, हातानं झटकली आणि दाराकडे तोंड करून ठेवली. आई आली, बसली. पाय समोर लांब केले. टाचा जमिनीवर टेकल्या तेव्हा तिनं डोळे मिटले, आणि चहाचा घोट घेतला. चहा केव्हाच गार झाला होता.

बाबांनी घसा साफ केला. कार्ड सरळ धरलं, उलटं धरलं. "तर मग," ते म्हणाले, "ते तिसऱ्या प्रश्नाचं..."

"विचार करून सांगते," आई म्हणाली. डोळे न उघडता.

बाबांनी पुढे बोलायला तोंड उघडलं. टिकटिकनं स्टूल खाली ठेवलं आणि घाईनं त्यांचं कोपर धरलं.

"आपण वेळ दिलात, आभारी आहोत," ती आईला म्हणाली, आणि बाबांना जवळजवळ ढकलतच बाहेर घेऊन गेली. दार तिनं आवाज न करता ओढून घेतलं.

जिन्यात पत्रकांच्या गठ्ठ्यांमध्ये दोघं उभे राहिले. खालून काका आणि मास्तर यांचं बाकावरून पुन्हा जुंपल्याचं ऐकू येत होतं.

"आता पुढं काय करायचं असतं?" बाबांनी हळूच विचारलं.

"आठवडाभर थांबायचं," टिकटिक म्हणाली. "आणि मग परत येऊन दार वाजवायचं."